विश्लेषण : जल्लादाच्या सहीची नोट! व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने बँक ऑफ इंग्लंडला का डिवचले?

१८१९ च्या जानेवारीत लंडनच्या लडगेट हिल या गजबजलेल्या रस्त्यावरील एका दुकानाच्या काचेत एक नोट लागली. लांबून पाहिले तर ती बँक ऑफ इंग्लंडचीच वाटावी. तसाच पांढरा कागद, एकाच बाजूला काळी छपाई, वळणदार अक्षरातला मजकूर, कोपऱ्यात लंबगोल चिन्ह आणि खाली सही. जवळ जाऊन पाहणाऱ्याला मात्र त्यावर फासावर लटकणारी अकरा माणसे दिसत. पौंडाचे चिन्ह दोरखंडाचे होते. रोखपालाच्या सहीच्या जागी जल्लादाची सही होती. किंमत एक शिलिंग.

ही नोट काढणारा जॉर्ज क्रुकशँक तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. पुढे चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील चित्रांमुळे तो जगभर पोहोचला आणि आजही बहुतेकांना तो त्याच कामामुळे ठाऊक असतो. पण चलनी नोटेची नक्कल करून सरकारला आणि बँकेला जाब विचारण्याची जी कला आज ओळखीची झाली आहे, तिच्या सुरुवातीच्या आणि सर्वांत धारदार नमुन्यांत त्याच्या या नोटेची गणना होते. एका नोटेमुळे एवढी खळबळ का उडाली, हे समजायला त्या काळच्या लंडनमध्ये एक पौंडाच्या कागदाची काय किंमत मोजावी लागत होती ते आधी पाहावे लागेल.

क्रुकशँक कोण होता?

जॉर्जचा जन्म २७ सप्टेंबर १७९२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आयझॅक मूळचे स्कॉटलंडचे आणि व्यवसायाने व्यंगचित्रकार. त्या काळी व्यंगचित्रे वर्तमानपत्रात येत नसत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, कागदावर छापून, हाताने रंगवून ती सुटी विकली जात. छापखान्यांच्या दुकानांच्या काचांमध्ये नवी चित्रे लागली की रस्त्यावर गर्दी होई. विकत घेण्याची ऐपत नसलेले लोक काचेबाहेर उभे राहून फुकटात राजकारण समजून घेत. आयझॅकच्या घरी हा सगळा घरगुती उद्योग होता. मोठा मुलगा रॉबर्ट आणि धाकटा जॉर्ज, दोघेही लहानपणापासून वडिलांच्या पत्र्यांवर पार्श्वभूमी भरणे, अक्षरे कोरणे अशी कामे करू लागले. जॉर्जचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. चित्रकलेची शाळा म्हणाल तर घरचे टेबल हीच.

रॉबर्ट मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर नोकरीला गेला. तो समुद्रात गेल्याची बातमी आली, घरच्यांनी शोकही केला आणि एक दिवस स्वारी धडधाकट परत आली. वडिलांचे नशीब मात्र तसे नव्हते. १८११ मध्ये आयझॅकचा मृत्यू झाला. सर्वांत जास्त दारू कोण पिऊ शकतो, या पैजेनंतर तो गेला, असे सांगितले जाते. १८ वर्षांच्या जॉर्जवर घराचा भार आला.

त्याच सुमारास लंडनचा सर्वांत मोठा व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचे मानसिक संतुलन ढळले होते. त्याचे अपुरे पत्रे पूर्ण करण्याचे काम गिलरेच्या प्रकाशिकेने तरुण क्रुकशँककडे सोपवले. १८१५ मध्ये गिलरे वारला तेव्हा त्याची गादी कोणाकडे जाणार याबद्दल लंडनमध्ये फारशी शंका उरली नव्हती. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण नोटांवरून सत्ताधाऱ्यांची खिल्ली उडवण्याचा पहिला मोठा प्रयोग गिलरेनेच करून ठेवला होता.

१७९७ मध्ये काय घडले होते?

आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचे वचन छापलेले असते, धारकाला अमुक रुपये देण्याचे. आज त्या वचनाचा अर्थ फार तर नोट बदलून दुसरी नोट एवढाच उरतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र ते वचन अक्षरशः खरे होते. नोट म्हणजे एक प्रकारची दर्शनी हुंडी. ती घेऊन लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरील बँकेत जा आणि तेवढ्या किमतीचे सोने मोजून घ्या. शिवाय नोटा मोठ्या रकमेच्या असत. १७९३ पर्यंत सर्वांत लहान नोट दहा पौंडांची होती, त्यानंतर पाच पौंडांची आली. मजूर, मोलकरीण, फेरीवाला यांच्या हाती कागदी पैसा येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे व्यवहार नाण्यांत होत.

फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि सोन्याचा साठा आटू लागला. फेब्रुवारी १७९७ मध्ये फ्रेंच सैनिकांची एक तुकडी वेल्समधील फिशगार्डजवळ उतरली. हल्ला फुसका होता, दोन-तीन दिवसांत सगळे शरण आले. पण घबराट खरी होती. लोक नोटा घेऊन सोने मागायला धावले. पंतप्रधान विल्यम पिट यांच्या सरकारने बँकेला सोने देणे थांबवण्याचा आदेश दिला आणि संसदेने त्यावर कायद्याची मोहोर उमटवली. काही आठवड्यांपुरता म्हणून केलेला हा बंदोबस्त २४ वर्षे टिकला. ‘तात्पुरते’ हा शब्द सरकारच्या तोंडी आला की तो किती लांबू शकतो, याचा हा जुना नमुना.

सोन्याची नाणी गायब झाल्यावर रोजच्या व्यवहारासाठी बँकेने एक आणि दोन पौंडांच्या नोटा काढल्या. गिलरेने लगेच दोन चित्रे काढली. एकात पिट हा स्पर्शाने सोने करणाऱ्या मायडास राजाच्या उलटा दाखवला आहे. पोटात सोने आणि तोंडातून नोटांचा लोंढा. दुसऱ्यात बँक म्हणजे नोटांचा झगा घातलेली, पैशांच्या पेटीवर बसलेली म्हातारी आणि पिट तिच्याशी लगट करत खिशात हात घालतो आहे. बँक ऑफ इंग्लंडला आजही थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी म्हणतात, ते नाव या चित्रामुळेच रूढ झाले. गिलरेच्या म्हातारीचा झगा नोटांचा होता, पण चित्र हे चित्रच होते. चित्राने स्वतःच नोट व्हायचे, हे पाऊल क्रुकशँकने उचलले.

एका पौंडासाठी फाशी?

नव्या नोटा घाईत काढलेल्या आणि साध्या होत्या. बरा कोरक्या कारागीर असेल तर नक्कल सहज होई. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या धातुकामाच्या गावांत बनावट नोटांचा धंदाच उभा राहिला. युद्धकैदी म्हणून डांबलेले फ्रेंच सैनिकही तुरुंगात बसून नोटा बनवत. या नोटा दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तात घाऊक विकल्या जात आणि हातोहात पुढे सरकत बाजारात पोहोचत. शेवटच्या टोकाला असे कोण? किराणा किंवा कापड घेऊन मोड मागणारी एखादी गरीब बाई, काम नसलेला मजूर, सुट्टीवर आलेला खलाशी. यांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. काहींना नोट खोटी आहे हे माहीत असे, काहींना नसे. एक पौंड म्हणजे शेतमजुराच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त रक्कम, त्यामुळे हाती आलेली नोट टाकून देणे कोणालाही परवडणारे नव्हते.

कायदा मात्र नोट बनवणारा आणि ती जाणूनबुजून चालवणारा यांच्यात फरक करत नव्हता. दोघांनाही शिक्षा एकच, फाशी. बनवणारे क्वचित सापडत. चालवणारे रोज सापडत. १७९७ ते १८२१ या काळात बनावट नोटांच्या गुन्ह्यात ३०० हून अधिक माणसे फासावर गेली. त्याखेरीज शेकडोंना ऑस्ट्रेलियातील वसाहतींत हद्दपार करण्यात आले.

यातली सर्वांत खटकणारी बाब फिर्यादीची होती. बँक ऑफ इंग्लंड ही तेव्हा सरकारी संस्था नव्हती. ती भागधारकांची खासगी कंपनी होती. तिचे राष्ट्रीयीकरण व्हायला १९४६ उजाडले. नोट बँकेची, नोट खोटी ठरवणारा निरीक्षक बँकेचा, खटला चालवणारे वकील बँकेचे. १८०१ नंतर बनावट नोट नुसती जवळ बाळगणे हा वेगळा, १४ वर्षांच्या हद्दपारीचा गुन्हा झाला. आरोपीने तो कबूल केला तर बँक फाशीचा आरोप मागे घेई. म्हणजे कोण जगणार आणि कोण मरणार, याची निवड बव्हंशी बँकेच्या संचालकांच्या समितीत होऊ लागली. नोट खोटी आहे हे नेमके कशावरून ओळखले, हे न्यायालयात उघड करायलाही बँकेचे कर्मचारी नाखूश असत. गुपित फुटले तर नक्कल आणखी सोपी होईल, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो अगदीच निराधार नव्हता. पण मग ज्युरींनी केवळ बँकेच्या शब्दावर माणूस फासावर चढवायचा का, हा प्रश्न उरतोच.

१८१८ साली लोकांचा धीर सुटला. एप्रिलमध्ये हॅरिएट स्केल्टन या तरुणीला फाशी झाली. तुरुंग सुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांनी तिच्यासाठी रदबदली केली, उमरावांकडे शब्द टाकला. उपयोग झाला नाही. वर्ष संपता संपता लंडनचे ज्युरी बँकेच्या साक्षीदारांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते आणि काही आरोपींना त्यांनी सरळ सोडून दिले. नक्कल होणार नाही अशी नोट कशी बनवावी यासाठी सरकारने शास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला होता.

क्रुकशँकला ही नोट कशी सुचली?

त्याने स्वतः सांगितलेली हकिगत अशी. सकाळी आठ-नऊच्या सुमारास तो लडगेट हिलवरून घरी चालला होता. ओल्ड बेलीच्या दिशेने लोक माना वर करून पाहत होते. न्यूगेट तुरुंगाबाहेर फाशीच्या तख्तावर काही देह लटकत होते. त्यांत दोन स्त्रिया होत्या. चौकशी केली तेव्हा कळले, की एक पौंडाच्या खोट्या नोटा चालवल्याबद्दल ही शिक्षा झाली आहे. क्रुकशँकला लंडनच्या गल्ल्या चांगल्या माहीत होत्या. बनावट नोटा देऊन अजाण बायांना दुकानात धाडणारे बदमाश त्याला ठाऊक होते. घरी पोहोचल्यावर दहा मिनिटांत त्याने कच्चे चित्र काढले. तेवढ्यात विल्यम होन तिथे आला, त्याने ते पाहिले आणि छापायचे ठरवले.

ही आठवण क्रुकशँकने अर्ध्या शतकानंतर, म्हातारपणी लिहिली. तिच्यातले बारकावे जसेच्या तसे घेऊ नयेत हेच बरे, कारण उतारवयात स्वतःचे श्रेय वाढवून सांगण्याची त्याची खोड पुढे दिसणारच आहे. पण १८१८ मध्ये न्यूगेटबाहेर याच गुन्ह्यासाठी स्त्रियांना फाशी झाली, ही नोंद पक्की आहे.

होन हा साधा पुस्तकविक्या नव्हता. १८१७ च्या डिसेंबरात सरकारने त्याच्यावर धर्मनिंदेचे तीन खटले लागोपाठ तीन दिवस चालवले होते. चर्चच्या प्रार्थनांचा साचा वापरून त्याने मंत्र्यांची टिंगल केली होती. तिन्ही दिवस तो स्वतःच तासन् तास बोलला, जुन्या विडंबनांचे दाखले देत राहिला आणि ज्युरींनी तिन्ही वेळा त्याला निर्दोष ठरवले. ओळखीचा साचा घ्यायचा आणि त्यात भलताच मजकूर भरायचा, हे त्याचे हत्यार होते. प्रार्थनेच्या जागी आता नोट आली.

नोटेवर नेमके काय होते?

खऱ्या नोटेवरची प्रत्येक खूण क्रुकशँकने जागच्या जागी ठेवली आणि तिचा अर्थ उलटा केला. खऱ्या नोटेच्या कोपऱ्यात ब्रिटानिया असते, म्हणजे भाला-ढाल घेतलेली इंग्लंडची देवीरूप प्रतिमा. इथे ती आपल्याच लेकरांना खाते आहे. तिच्याभोवती कैद्यांना परदेशी नेणारी जहाजे आहेत. मध्ये फाशीच्या आडव्या दांड्याला ओळीने अकरा देह लटकलेले, पुरुष आणि स्त्रिया. बेड्या-साखळ्यांची नक्षी. पौंडाच्या चिन्हासाठी गुंडाळलेला दोर.

मजकूरही तसाच. खऱ्या नोटेत बँक धारकाला पैसे देण्याचे वचन देते. इथे वचन देणारा जल्लाद आहे. सहज नक्कल होणाऱ्या नोटा जोवर निघत राहतील आणि सोन्यात पैसे देणे सुरू होत नाही किंवा फाशीच रद्द होत नाही, तोवर आपण आपले काम बजावत राहू, असे तो बँकेच्या गव्हर्नर आणि कंपनीच्या वतीने लिहून देतो. सही जॅक केच याची. हा केच सतराव्या शतकातला, कामात ढिसाळ आणि क्रूर म्हणून बदनाम झालेला जल्लाद. इंग्रजीत पुढे कोणत्याही जल्लादाला हेच नाव पडले.

या नोटेला खोटी नोट म्हणणे कठीण होते, कारण ती कोणाला फसवत नव्हती. दुकानदाराने ती घेतली नसती. तिचा रोख भलतीकडे होता. खरी नोट खिशात असलेला प्रत्येक जण ही पाहिल्यावर आपली नोट पुन्हा एकदा निरखून पाहणार होता. एरवी व्यंगचित्रात मोठे पोट, लांब नाक, फुगलेले गाल असतात, हसू येते. या चित्रात विनोद जवळजवळ नाही. क्रुकशँकच्या हजारो चित्रांमध्ये इतके कोरडे आणि इतके थेट दुसरे क्वचितच सापडेल.

नोटेसोबत होनने स्वतः तयार केलेला एक तक्ताही एकाच शिलिंगात मिळे. हवेचा दाब मोजणाऱ्या वायुभारमापकासारखी पट्टी काढून, सोन्यात व्यवहार असतील तर समाज कुठे आणि कागदी नोटांचा सुळसुळाट झाला तर कुठे, हे त्यावर दाखवले होते. आजच्या भाषेत इन्फोग्राफिकच.

क्रुकशँकच्या सांगण्यानुसार, दुकानापुढे इतकी गर्दी झाली की रस्ता मोकळा करायला माणसे बोलवावी लागली आणि होनने ७०० पौंडांहून अधिक कमावले. मागणी एवढी की पहिला पत्रा झिजला आणि त्याला रात्रभर जागून दुसरा कोरावा लागला. हे तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखे आहे. तांब्याचा पत्रा मऊ असतो. त्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेषा काढतात, आम्लाने त्या खोल करतात आणि शाई भरून दाबयंत्रात छापतात. प्रत्येक प्रतीगणिक रेषा पुसट होत जाते.

फाशी खरेच थांबली का?

क्रुकशँक आयुष्यभर सांगत राहिला, की या नोटेनंतर बँकेच्या संचालकांची झोप उडाली, छोट्या नोटा बंद झाल्या आणि क्षुल्लक गुन्ह्यांसाठी फाशी देणे थांबले. आपल्या सर्व कामांत हेच सर्वांत महत्त्वाचे, असे तो मानत असे. दावा मोठा आहे आणि जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

घटनांचा क्रम पाहू. जुलै १८१९ मध्ये संसदेने सोन्यात पैसे देणे पुन्हा सुरू करण्याचा कायदा केला. त्यामागे युद्ध संपल्यानंतरची परिस्थिती, अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांच्यासारख्यांचा अनेक वर्षांचा युक्तिवाद आणि रॉबर्ट पील यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समिती होती. १८२१ मध्ये बँकेने प्रत्यक्ष सोने देणे सुरू केले. एक पौंडाच्या नोटा मागे पडल्या आणि खटलेही झपाट्याने घटले. पण नक्कल करणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा पुस्तकात तसाच राहिला. या गुन्ह्यासाठी इंग्लंडमधील शेवटची फाशी १८२९ च्या अखेरीस झाली. १८३० मध्ये खुद्द बँकचालकांनीच संसदेकडे अर्ज केला, की फाशी रद्द करा. दयेपोटी नव्हे, फाशी होईल या धास्तीने ज्युरी आरोपींना दोषी ठरवत नाहीत आणि त्यामुळे आमच्या मालमत्तेला संरक्षण उरत नाही, हे त्यांचे कारण. १८३२ मध्ये बहुतेक प्रकारच्या बनावटीसाठी आणि १८३७ मध्ये उरलेल्यांसाठी फाशी गेली.

तेव्हा नोटेने कायदा बदलला असे म्हणता येणार नाही. लोकांचा राग आधीच पेटला होता, ज्युरी आधीच बिथरले होते. नोटेने त्या रागाला खिशात मावणारा आकार दिला. अर्थशास्त्राच्या अहवालांतून कागदी चलनाचा जो वाद चालला होता, तो ज्यांना अहवाल वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत एका कागदाने नेला. एवढे श्रेय त्याला निर्विवाद द्यायला हवे.

राजाकडून शंभर पौंड कशासाठी?

क्रुकशँक मोठा क्रांतिकारक होता, असा समज होण्याआधी पुढचे दीड वर्ष पाहिलेले बरे. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरला मताधिकार मागणाऱ्या शांत जमावावर घोडदळ घालण्यात आले. पीटरलू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हत्याकांडावर त्याने संतप्त चित्रे काढली. होनबरोबर केलेली ‘द पोलिटिकल हाउस दॅट जॅक बिल्ट’ ही बडबडगीताच्या धर्तीची पुस्तिका सुमारे एक लाख खपल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी त्याने सुधारणावाद्यांना रक्तपिपासू ठरवणारी चित्रेही काढली, आणि गुलामगिरीविरोधी चळवळीची व कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारे ‘द न्यू युनियन क्लब’ हे आज पाहवणार नाही असे चित्रही. जो प्रकाशक पैसे देईल त्याचे काम करायचे, ही व्यंगचित्रकारांची तेव्हाची रीतच होती. वडिलांनीही तेच केले होते.

१८२० मध्ये चौथा जॉर्ज गादीवर आला. त्याचा लठ्ठपणा, उधळेपणा आणि बाहेरख्यालीपणा हा क्रुकशँकचा हातखंडा विषय. राजाला पत्नीपासून घटस्फोट हवा होता आणि लंडन राणीच्या बाजूने होते. जूनमध्ये राजदरबाराकडून क्रुकशँकला १०० पौंड मिळाले. बदल्यात त्याने राजाला अनैतिक प्रसंगात न दाखवण्याचे वचन लेखी दिले. म्हणजे जल्लादाकडून वचनचिठ्ठी लिहून घेणाऱ्या चित्रकाराने दीड वर्षात स्वतःही एक वचन लिहून दिले. ते किती पाळले? दोनच महिन्यांत होनसाठी त्याने राजा-राणीच्या भांडणावर ‘द क्वीन्स मॅट्रिमोनियल लॅडर’ची झोंबणारी चित्रे काढून टाकली.

त्यानंतर मात्र तो राजकारणातून हळूहळू बाहेर पडला. जमाना बदलत होता, सभ्य मध्यमवर्गाला अंगावर येणारी चित्रे नकोशी झाली होती आणि पुस्तकांच्या चित्रांत स्थिर कमाई होती.

डिकन्सशी का बिनसले?

१८२३ मध्ये ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या इंग्रजी भाषांतराला त्याने काढलेली चित्रे गाजली. १८३६ मध्ये डिकन्सच्या ‘स्केचेस बाय बॉझ’ला चित्रे देताना क्रुकशँक हा प्रसिद्ध कलावंत होता आणि डिकन्स हा विशीतला नवा लेखक. लगेच ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ मासिकातून क्रमशः आले. त्यातले कोठडीत फाशीची वाट पाहणाऱ्या फेगिनचे चित्र प्रसिद्ध आहे. नखे चावणारा, डोळे विस्फारलेला म्हातारा. ती कोठडी न्यूगेटचीच. ज्या इमारतीबाहेरचे दृश्य त्याने नोटेवर आणले होते, तिच्या आत तो २० वर्षांनी शिरला. अर्थात फेगिनचे रूप ज्यूद्वेषी साच्यातलेच आहे आणि त्याची चर्चा आजही होते.

१८४७ मध्ये क्रुकशँकने दारू कायमची सोडली. वडिलांचे उदाहरण समोर होते आणि स्वतःही तो कमी पिणारा नव्हता. ‘द बॉटल’ या आठ चित्रांच्या मालिकेत एक सुखी कुटुंब एका बाटलीपायी कसे धुळीला मिळते हे त्याने दाखवले. मुद्दाम स्वस्त छपाई वापरल्याने ती गरिबांच्या घरांत पोहोचली. मग मात्र त्याला दारूबंदीशिवाय दुसरे काही सुचेना. परीकथांतही त्याने मद्यपाननिषेध घुसडला. डिकन्सने १८५३ मध्ये आपल्या साप्ताहिकात त्याची खरपूस हजेरी घेतली आणि मैत्रीत दुरावा आला. १८७० मध्ये डिकन्स गेल्यावर, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ची कल्पना मुळात आपली होती, असा दावा क्रुकशँकने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून केला. फार थोड्यांनी तो मान्य केला. ‘द वर्शिप ऑफ बॅकस’ हे दारूच्या दुष्परिणामांचे शेकडो माणसांनी भरलेले अवाढव्य तैलचित्र त्याने १८६० च्या दशकात रंगवले. व्हिक्टोरिया राणीने ते पाहिले, पण प्रदर्शनातून पैसे काही मिळाले नाहीत. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

१ फेब्रुवारी १८७८ रोजी ८५ व्या वर्षी तो वारला. आधी केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात त्याचे अवशेष हलवण्यात आले. मृत्यूनंतर उघड झाले, की नीतिमत्तेचे धडे देणाऱ्या या गृहस्थाचा घरापासून जवळच दुसरा संसार होता. घरातील पूर्वीच्या मोलकरणीपासून त्याला अकरा मुले होती. दोन लग्ने होऊनही पत्नींपासून मूल नव्हते.

भारतात अशी नोट काढली तर?

क्रुकशँकची वाट पुढे अनेकांनी चोखाळली. ब्राझीलच्या सिल्डो मेरेलेस यांनी १९७० च्या दशकापासून शून्य किमतीच्या नोटा काढल्या. ब्रिटनच्या बँक्सीने २००४ मध्ये राणीच्या जागी डायनाचा चेहरा असलेली दहा पौंडांची नोट छापली. ब्रिटिश म्युझियमने २०१९ मध्ये तिचा एक नमुना संग्रहात घेतला. भारतात ‘फिफ्थ पिलर’ या तमिळनाडूतील संस्थेने २००७ पासून शून्य रुपयाची नोट वाटली. लाच मागणाऱ्याच्या हातात ती ठेवायची. तिच्यावर पैसे देण्याऐवजी लाच न घेण्या-देण्याचे वचन छापलेले होते.

आपल्याकडे खऱ्या नोटेची बनावट हा जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पण नोटेशी नुसते साम्य असलेला कागद छापणे किंवा वापरणे हाही वेगळा गुन्हा आहे, हे अनेकांना माहीत नसते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ मध्ये त्यासाठी ३०० रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत तो १०० रुपये होता. अशा कागदावर ज्याचे नाव आहे त्याने छपाई कोणी केली हे सांगायला नकार दिला, तर दंड ६०० रुपयांपर्यंत जातो. मुलांच्या खेळण्यातल्या आणि चित्रपटांच्या चित्रीकरणातल्या नोटांवर ‘चिल्ड्रन बँक’ किंवा तत्सम शब्द ठळक छापतात ते उगाच नव्हे.